स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश : ज्ञानमीमांसेच्या वाचकाने तो कसा वापरावा

स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसफी हा इंटरनेटवरील तत्त्वज्ञानकोश बहुतेक लोक एखाद्या संज्ञेचा अर्थ पाहण्यासाठी उघडतात आणि दोन परिच्छेद वाचून बंद करतात. या परीक्षणासाठी मी तो एका विशिष्ट कामाला लावून पाहिला. माणूस प्रत्यक्षात कसे पाहतो, कसे आठवतो आणि कसे अनुमान करतो याविषयी बोधनिक विज्ञानाने गेल्या काही दशकांत जे शोधून काढले, त्याचा 'ज्ञान म्हणजे काय' या तत्त्वज्ञांच्या जुन्या प्रश्नावर, म्हणजे ज्ञानमीमांसेवर, काय परिणाम झाला, हे एखाद्या जिज्ञासू मराठी वाचकाला या कोशातून नीट समजते का, एवढाच माझा प्रश्न होता. समजते, असे माझे उत्तर आहे. मात्र त्यासाठी दोन-तीन नोंदी शेजारी शेजारी उघडून, त्यांच्या तारखा आणि त्यांचे लेखक पाहत वाचावे लागते, आणि असे वाचा म्हणून कोश कोठेही सांगत नाही.

आधी सेवेविषयी थोडेसे. हा कोश 1995 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड झाल्टा यांनी सुरू केला. आज त्यात सुमारे 1,800 नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंद त्या विषयातील अभ्यासकाने लिहिलेली व इतर तज्ज्ञांनी तपासलेली असते. वाचण्यासाठी पैसे पडत नाहीत, नाव नोंदवावे लागत नाही, जाहिराती नाहीत. नोंदीची नीटनेटकी पीडीएफ हवी असेल तर मात्र कोशाच्या मित्रमंडळाची वार्षिक वर्गणी भरावी लागते, आणि ती फारशी नाही. पानांची मांडणी इतकी साधी आहे की नव्या वाचकाला ती ओकीबोकी वाटेल, पण मंद इंटरनेटवरही पान चटकन उघडते, आणि डोळ्यांना त्रास न होता तासभर वाचता येते, ही सोय मला सजावटीपेक्षा मोलाची वाटते. नोंदीच्या माथ्यावर ती प्रथम कधी प्रसिद्ध झाली आणि तिच्यात शेवटचा महत्त्वाचा बदल कधी झाला, या दोन तारखा दिलेल्या असतात. लेखकाने आपली नोंद अद्ययावत ठेवावी अशी अपेक्षा असते. त्याने ती सोडली तर दुसऱ्याकडे ती नव्याने लिहायला दिली जाते. शिवाय दर वर्षी 21 मार्च, 21 जून, 21 सप्टेंबर आणि 21 डिसेंबर या तारखांना संपूर्ण कोशाची एक प्रत गोठवून जतन केली जाते. त्यामुळे जुनी नोंद बदलली तरी हरवत नाही. ही जतन-व्यवस्था या कोशाचे सर्वांत कमी वापरले जाणारे अंग आहे आणि आपल्या विषयासाठी सर्वांत उपयोगी.

तिचा उपयोग कसा होतो ते पाहा. 1969 मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइन यांनी असा प्रस्ताव मांडला की ज्ञानमीमांसेने ज्ञानाचा निर्दोष पाया शोधण्याचा नाद सोडावा आणि इंद्रियांवर येणाऱ्या तुटपुंज्या उद्दीपनांतून माणूस जगाविषयीचे एवढे मोठे सिद्धांत कसे उभारतो, याचा अभ्यास मानसशास्त्राचा एक भाग म्हणून करावा. 1988 मध्ये जेगवॉन किम यांनी त्यावर जो आक्षेप घेतला तो आजही सोडवावा लागतो: समजूत कशी तयार होते हे विज्ञान सांगेल, पण ती बाळगणे योग्य आहे की नाही हा प्रश्नच काढून टाकला, तर उरलेल्या अभ्यासाला ज्ञानमीमांसा का म्हणायचे? या वादावरची, म्हणजे ज्ञानमीमांसेतील निसर्गवादावरची, कोशातील नोंद 2001 मध्ये रिचर्ड फेल्डमन यांनी लिहिली होती आणि 2016 मध्ये तिच्या जागी पॅट्रिक रायस्यू यांची नवी नोंद आली. आता हे फेल्डमन कोण? मानसिक प्रक्रियांवर ज्ञानाची उभारणी करणाऱ्या सिद्धांताला, म्हणजे विश्वासार्हतावादाला, ज्या दोघांनी 1998 मध्ये सर्वांत अडचणीचा प्रश्न विचारला, त्यांतले ते एक. प्रत्यक्षज्ञानाच्या, म्हणजे इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाच्या, समस्यांवरील नोंदीचेही असेच झाले. ती आधी लॉरेन्स बोनजूर यांची होती. आपल्याला अतींद्रिय दृष्टी आहे हे ठाऊकही नसलेला, तरीही राष्ट्राध्यक्ष न्यूयॉर्कमध्ये आहेत असे अचूक मानणारा नॉर्मन हा काल्पनिक माणूस याच बोनजूर यांनी 1980 मध्ये उभा केला होता, तोही विश्वासार्हतावादावर प्रहार करण्यासाठी. 2016 मध्ये ती नोंद जॅक लायन्स यांच्याकडे आली, आणि ते त्याच विश्वासार्हतावादाचे पुरस्कर्ते व मानसशास्त्रीय संशोधनाशी जवळीक असलेले तत्त्वज्ञ आहेत.

म्हणजे एकाच वर्षी, दोन महत्त्वाच्या विषयांवर, लेखणी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. कोणीही पक्षपाती लिहिले असे मला सुचवायचे नाही. चारही लेखक विरोधी बाजू प्रामाणिकपणे मांडतात. पण कोणता प्रश्न आधी घ्यायचा, प्रयोगांना किती जागा द्यायची, कोणती अडचण 'निर्णायक' आणि कोणती 'सुटण्याजोगी' म्हणायची, हे लेखकाच्या भूमिकेवर ठरते, आणि कोशाच्या शांत, तटस्थ स्वरामुळे ते वाचकाच्या लक्षात येत नाही. ज्याला हा विषय खरोखर समजून घ्यायचा आहे त्याने जुनी आणि नवी अशा दोन्ही नोंदी वाचाव्यात. दोहोंमध्ये जे सरकलेले दिसते, तोच खरे तर या विषयाचा इतिहास आहे.

विश्वासार्हतावादावरील नोंद मला या संपूर्ण भागात सर्वांत सरस वाटली. ती आल्विन गोल्डमन यांनी लिहिली आणि पुढे बॉब बेडर यांच्या सहकार्याने वाढवली. गोल्डमन यांनी 1979 मध्ये मांडलेली कल्पना सांगायला सोपी आहे: एखादी समजूत समर्थनीय ठरते ती तिच्या बाजूने आपण युक्तिवाद करू शकतो म्हणून नव्हे, ती ज्या मानसिक प्रक्रियेतून आली ती प्रक्रिया बहुतेक वेळा सत्य समजुती देणारी असते म्हणून. हे एकदा मान्य केले की बोधनिक विज्ञानाला दाराबाहेर ठेवणे शक्यच राहत नाही, कारण कोणती प्रक्रिया कितपत भरवशाची आहे हे आरामखुर्चीत बसून सांगता येत नाही. आपल्याच सिद्धांतावरील नोंद आपणच लिहावी हे कोणाला खटकेल, पण येथे आक्षेप इतके सविस्तर दिले आहेत की तक्रारीला जागा राहत नाही.

फेल्डमन आणि अर्ल कॉनी यांचा तो अडचणीचा प्रश्न या नोंदीत मुळापासून समजतो. समजा, संध्याकाळी धावत्या एसटीच्या खिडकीतून मी गावाची पाटी वाचली आणि 'आलो आपण' असे मला कळले. ही समजूत कोणत्या प्रक्रियेतून आली? 'डोळ्यांनी पाहणे' म्हटले तर ती बऱ्यापैकी भरवशाची आहे, 'अंधुक प्रकाशात पाहणे' म्हटले तर कमी, 'धावत्या वाहनातून अंधुक प्रकाशात ओळखीची अक्षरे वाचणे' म्हटले तर कदाचित पुन्हा जास्त. एकाच घटनेची वर्णने हवी तितकी करता येतात आणि प्रत्येकाचा भरवसा वेगळा. मग सिद्धांताने कोणते धरायचे? यावर नोंदीत जे उत्तर दिले आहे ते थेट मानसशास्त्रातून आलेले आहे. एलिनॉर रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये दाखवले की वस्तूंना नावे देताना माणसे एका मधल्या पातळीवर स्थिरावतात: समोरच्या वस्तूला आपण सहसा 'खुर्ची' म्हणतो, 'फर्निचर' किंवा 'स्वयंपाकघरातली खुर्ची' म्हणत नाही. स्वीडनमधील लुंड येथील एरिक ओल्सन आणि मार्टिन यॉन्सन यांचे म्हणणे असे की मनाच्या प्रक्रियांनाही लोक अशाच मधल्या पातळीवरची नावे देतात. यॉन्सन यांच्या प्रयोगातील सहभागी व्यक्तींची उत्तरे बरीच एकमेकांशी जुळली, आणि सिद्धांताला हवी असलेली प्रक्रिया म्हणजे हीच मधली पातळी, असे ते मांडतात.

तत्त्वज्ञानातली कोंडी प्रयोगशाळेतून फोडण्याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा क्वचित मिळेल, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. माझ्या मते या उत्तराने अर्धी अडचण सुटते. लोक कोणते वर्णन निवडतात हे कळल्याने आपण एखाद्याला 'याला माहीत आहे' असे कोणत्या आधाराने म्हणतो, याचा खुलासा होतो. पण ती समजूत खरोखर समर्थनीय आहे का, हे लोकांच्या नामकरणाच्या सवयीवर अवलंबून असावे असे त्यातून निघत नाही. किम यांचा 1988 चा आक्षेप वेष बदलून परत आला आहे, एवढेच. नोंद हे या शब्दांत सांगत नाही, मात्र निसर्गवादावरील नोंद दुसऱ्या खिडकीत उघडी असेल तर वाचकाला ते आपसूक दिसते. म्हणूनच मी शेजारी शेजारी वाचण्याचा आग्रह धरतो.

तारखा पाहून वाचण्याचे महत्त्व सर्वाधिक जाणवते ते प्रायोगिक तत्त्वज्ञानावरील नोंदीत. एडमंड गेटियर यांच्या 1963 च्या अवघ्या तीन पानांच्या लेखापासून तत्त्वज्ञ असे मानत आले की नशिबाने खरी ठरलेली, सकारण बाळगलेली समजूत म्हणजे ज्ञान नव्हे, आणि हे कोणालाही आतूनच पटते. 2001 मध्ये जोनाथन वाइनबर्ग, शॉन निकोल्स आणि स्टीव्हन स्टिच यांनी हे 'कोणालाही' तपासून पाहिले. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातील विद्यार्थ्यांना त्यांनी एक गोष्ट दिली: बॉबची मैत्रीण जिल अनेक वर्षे ब्यूइक चालवते, म्हणून ती अमेरिकन गाडी चालवते असे बॉबला वाटते, प्रत्यक्षात तिची ब्यूइक नुकतीच चोरीला गेली आहे आणि तिने पाँटिअॅक घेतली आहे, तीही अमेरिकनच. बॉबला जिल अमेरिकन गाडी चालवते हे 'माहीत आहे' की त्याला तसे 'नुसते वाटते'? पाश्चात्त्य पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे 26 टक्क्यांनी 'माहीत आहे' म्हटले. भारतीय उपखंडाची पार्श्वभूमी असलेल्यांपैकी सुमारे 61 टक्क्यांनी. निष्कर्ष खळबळजनक होता: तत्त्वज्ञ ज्याला सार्वत्रिक अंतःप्रेरणा समजतात ती कदाचित एका संस्कृतीची सवय असेल.

पण उपखंडाच्या गटात होते फक्त 23 विद्यार्थी, म्हणजे 61 टक्के म्हणजे 14 जण. पुढे इतरांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तो फरक सापडला नाही. 2013 मध्ये जेनिफर नेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असा वांशिक फरक दिसला नाही, आणि 2017 मध्ये एदुआर्द मॅशरी व त्यांच्या गटाने ब्राझील, भारत, जपान आणि अमेरिका या चारही ठिकाणी गेटियर यांच्या बाजूचा कौल मिळाल्याचे प्रसिद्ध केले. स्टिच हे त्या गटातही होते. ज्याने 2010 मध्ये कोश वाचून हा विषय शिकला आणि ज्याने 2018 मध्ये शिकला, ते दोघे उलट निष्कर्ष घेऊन उठले असते. 2017 ची नोंद जोशुआ नोब आणि त्याच मूळ प्रयोगाचे एक कर्ते शॉन निकोल्स यांनी लिहिली आहे, आणि स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाविरुद्ध गेलेले पुरावे तीत समोर ठेवलेले आहेत, ही गोष्ट कोशाच्या शिस्तीविषयी पुष्कळ सांगते. तरीही अडचण उरते ती अशी की अन्य विषयांवरच्या जुन्या नोंदींमध्ये 2001 चा प्रयोग ओझरता येतो आणि त्याची पुढची हकिकत तेथे नसते. मानसशास्त्रातले प्रयोग तत्त्वज्ञानातल्या युक्तिवादांपेक्षा लवकर शिळे होतात. माथ्यावरची तारीख पाहिल्याशिवाय त्यांवर विसंबू नये.

भारतीय वाचकासाठी दोन जागा खास आहेत. ज्ञानाच्या विश्लेषणावरील मुख्य नोंदीत गेटियर यांच्या आधी, आठव्या शतकात, बौद्ध तार्किक धर्मोत्तराने दिलेले उदाहरण सांगितले आहे. मांस भाजण्यासाठी नुकताच विस्तव पेटवला आहे, धूर अजून निघालेला नाही, पण वासाने किड्यांचा थवा जमला आहे. दुरून पाहणाऱ्याला तो थवा धुरासारखा दिसतो आणि तो म्हणतो, तेथे अग्नी आहे. अग्नी आहेच. पण त्याला ते कळले असे म्हणायचे का? दुसरी जागा म्हणजे स्टीफन फिलिप्स यांची अभिजात भारतीय प्रमाणविचारावरील, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या विचारावरील, स्वतंत्र नोंद. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मते ज्ञान प्रमाणातून उपजले की पुरे, त्याचे प्रामाण्य (खरेपणा) त्याच क्षणी ज्ञात्याला ठाऊक असण्याची गरज नाही. शंका आली तरच ते तपासायचे, आणि तेही प्रवृत्ती सफल झाली का हे पाहून, म्हणजे पाणी दिसले, गेलो, तहान भागली, म्हणून ते ज्ञान खरे. हे वाचल्यावर गोल्डमन यांची नोंद परकी वाटत नाही. अर्थात साम्य ताणू नये. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहातील यथार्थ अनुभवाची व्याख्या, 'तद्वति तत्प्रकारकः' (जे जेथे आहे ते तेथे तसेच जाणणारा), अक्षरशः घेतली तर किडे पाहून झालेले अग्नीचे ज्ञानही यथार्थ ठरू शकते. (रटगर्सच्या त्या 14 विद्यार्थ्यांनी अन्नंभट्ट वाचला असेल असे मात्र कोणी म्हणू नये.)

जेथे मला सर्वांत जास्त उणीव जाणवली तो विषय स्मृतीचा. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली आणि वेग विचारला. प्रश्नात गाड्या एकमेकींवर 'धडाडून आदळल्या' असा शब्द असेल तर सरासरी उत्तर ताशी सुमारे 40 मैल, नुसता 'स्पर्श झाला' असेल तर सुमारे 32. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याभराने विचारले, फुटलेली काच पाहिली का? काच मुळात नव्हतीच. 'आदळल्या' हा शब्द ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांना ती आठवली. साधी 'धडक' ऐकलेल्या 50 पैकी 7 जणांना. स्मृती ही साठवलेले जसेच्या तसे परत देत नाही, दर वेळी नव्याने रचते, हे आता मानसशास्त्रात सर्वमान्य आहे. मग आपल्याला 'माहीत' असलेल्या बहुतेक गोष्टी केवळ आठवणीवर उभ्या असताना त्यांचे काय?

कोशात यासाठी दोन नोंदी आहेत: स्मृतीच्या ज्ञानमीमांसेवर टॉमस सेनर यांची, आणि स्मृती या विषयावर कुर्केन मायकेलियन व जॉन सटन यांची. पहिली समर्थनाच्या प्रश्नाभोवती फिरते, दुसरी स्मृतीच्या स्वरूपाभोवती आणि तीत मानसशास्त्र भरपूर आहे. दोन्ही चांगल्या आहेत, पण त्यांची सांगड वाचकालाच घालावी लागते. नैयायिकांनी स्मृतीला प्रमेतून (यथार्थ ज्ञानातून) बाहेर ठेवले, ती अनुभवाची केवळ पुनरुक्ती आहे म्हणून. आजच्या संशोधनानुसार ती पुरती पुनरुक्तीही नाही. या दोन कारणांनी एकाच निष्कर्षाकडे जाता येते की दुसरे कारण पहिल्याला खोडते, हा प्रश्न घेऊन मी फिलिप्स, सेनर आणि मायकेलियन या तिघांकडे गेलो. साहित्य तिन्हीकडे मिळाले, उत्तर स्वतः जुळवावे लागले.

मराठीत पर्याय काय, असे कोणी विचारील. देवीदास दत्तात्रेय वाडेकर यांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश आणि वाईचा मराठी विश्वकोश ही दोन्ही कामे थोर आहेत, आणि भारतीय दर्शनांसाठी मी आधी तिकडेच जातो. मराठी वाक्यात प्रमाणविचार वाचण्याचे समाधान वेगळेच आहे. पण महाकोश 1974 चा आहे. गोल्डमन यांचा 1979 चा लेख, रटगर्सचा प्रयोग, यॉन्सन यांचे काम हे सगळे त्यानंतरचे. मराठी महाविद्यालयांत मानसशास्त्राचा विद्यार्थी लॉफ्टस शिकतो आणि तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी प्रमाणे शिकतो, पण दोघांची गाठ पडेल असे मराठी पान मिळणे कठीण, म्हणून तूर्त या इंग्रजी कोशाला पर्याय नाही.

इंग्रजी सोपी नाही, हेही सांगितले पाहिजे. वाक्ये लांब आहेत, नोंदी दहा-दहा हजार शब्दांच्या आणि काही त्याहून मोठ्या आहेत, आणि काही नोंदींच्या मध्यावर तार्किक चिन्हे सुरू होतात तेथे वाचक गळतो. आकृत्या जवळजवळ नाहीत; दृष्टिभ्रमांची चर्चा आकृतीविना वाचणे म्हणजे पाककृतीचे पुस्तक फक्त विषयसूचीवरून वाचण्यासारखे आहे. कोठून सुरू करावे हे सांगणारा वाटाड्या नाही. विषयाच्या नावाने शोध घेतला तर पहिल्या पानावर जे येते त्यातले निम्मे आपल्या कामाचे नसते. नोंदीच्या तळाशी असलेली संबंधित नोंदींची यादीच त्यापेक्षा अधिक भरवशाची.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने ज्ञानाच्या विश्लेषणावरील नोंदीचा गेटियरपर्यंतचा भाग वाचावा, पुढची सूत्रे सोडून द्यावीत. मग विश्वासार्हतावाद संपूर्ण, त्यानंतर प्रायोगिक तत्त्वज्ञानातील ज्ञानाविषयीचा भाग, आणि शेवटी निसर्गवादावरील रायस्यू व जतन केलेल्या प्रतीतील फेल्डमन एकापाठोपाठ. फिलिप्स यांची नोंद भारतीय दर्शनांची ओळख असलेल्याने सर्वांत आधी वाचली तरी चालेल. ज्यांना फक्त मानसशास्त्रातले प्रयोग हवे आहेत त्यांनी येथे येऊ नये, कारण प्रयोग येथे दोन-चार ओळींत उरकले जातात आणि त्यांची पद्धत, आकडे, मर्यादा पाहण्यासाठी मूळ लेखांकडेच जावे लागते. संदर्भसूची मात्र त्या कामासाठी अव्वल आहे, आणि वर्गणी भरून पीडीएफ घेणार असाल तर ती केवळ विश्वासार्हतावादाच्या नोंदीसाठी घेतली तरी पैसे वसूल होतात.